बोटभर उंचीचा फॅरो

तुतनखामूनचा वर्ण कोणता होता, या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे त्याच्या एकाच थडग्यातून निघाली. मुखवट्यावर तो पिवळाधमक सोन्याचा आहे. दफनकक्षाच्या बंद दाराशी पहारा देणाऱ्या दोन लाकडी पुतळ्यांत तो डांबरासारखा काळाकुट्ट आहे. वस्त्र, दागिने आणि शिरोवेष्टन तेवढे सोनेरी. आणि कमळातून वर येणाऱ्या बालकाच्या रूपातले जे लाकडी मस्तक सापडले, त्यावर तो भाजलेल्या विटेच्या रंगाचा, तांबूस तपकिरी. राजा एकच, काळ एकच, थडगेही एकच.

इजिप्तच्या अभ्यासकांना यात काही वावगे वाटत नाही. देवांची काया सोन्याची असते, अशी त्या लोकांची समजूत होती. काळा हा नाईलच्या सुपीक गाळाचा आणि मरणातून पुन्हा उठणाऱ्या ओसायरिसचा रंग. तांबूस तपकिरी हा चित्रातल्या पुरुषांना द्यायचा ठरलेला रंग. म्हणजे प्रत्येक रंग त्या त्या जागी काहीतरी सांगण्यासाठी वापरला होता. राजा दिसायला कसा होता हे नोंदवण्यासाठी नव्हे. पंचाईत होते ती वेगळ्याच एका माणसाची. टेबलावरच्या दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून, बोटभर उंचीचा फॅरो रंगवायला जो बसतो त्याची. त्याला तिन्ही रंग एका अंगावर देता येत नाहीत.

ऐतिहासिक लघुमूर्ती रंगवणे हा युरोप-अमेरिकेत चांगला मुरलेला छंद आहे. मूर्ती रेझिनची किंवा शिसे-कथलाच्या मिश्रधातूची असते आणि सुट्या भागांत येते: धड, हात, शिर, काठी, मुकुट. ती जोडायची, घासून साफ करायची आणि रंगवायची. ५४, ७५ आणि ९० मिलिमीटर ही प्रचलित मापे; शिवाय अर्धपुतळे, ते बहुधा मूळ आकाराच्या एकदशांश असतात. नेपोलियनचे घोडेस्वार, रोमन शिपाई, सामुराई यांची चलती मोठी. पण इजिप्तचा राजा हा विषय कधी जुना होत नाही. त्याचे कारण धंद्यातले आहे. उघडी त्वचा, झिरझिरीत कापड, सोने, रत्ने, चामडे, पिसे हे सगळे एकाच मूर्तीवर येते. रंगवणाऱ्याची परीक्षा घ्यायला आणखी काय हवे?

आधी माप समजून घ्यावे. सीटी स्कॅनवरून तुतनखामूनची उंची सुमारे १६७ सेंटिमीटर निघते. तो ५४ मिलिमीटरचा झाला की मूळच्या साधारण एकतीस पट लहान होतो. तीन सेंटिमीटर रुंदीचा डोळा एक मिलिमीटरचा उरतो. वस्त्रावरची सेंटिमीटरभर चुणी मिलिमीटरच्या एक तृतीयांश भरते. गळ्यातल्या रुंद हारातला अर्ध्या सेंटिमीटरचा मणी ०.१६ मिलिमीटरचा होतो, आणि तसे शेकडो मणी असतात. या मापाला मणी कोणी रंगवत नाही, मण्यांचा भास रंगवतात. एका आड एक गडद-फिकट ठिपके, वरच्या बाजूला उजळ, खांद्याच्या वळणावर मंद. हातभर अंतरावरून डोळा उरलेले काम स्वतःच करतो. एवढ्या बारीक कामाला केसासारखा कुंचला लागत असेल, अशी नवशिक्याची समजूत असते आणि तो तीन शून्यांचा कुंचला विकत घेतो. त्या कुंचल्यावरचा रंग मूर्तीला टेकेपर्यंत वाळून जातो. जाणकार एक किंवा दोन नंबरचा कोलिन्स्की सेबलचा कुंचला वापरतात. त्याच्या पोटात रंग मावतो आणि टोक सुईसारखे राहते.

अशा छोट्या मूर्ती रंगवणे इजिप्तला नवे नव्हते. तुतनखामूनच्या सहा-सातशे वर्षे आधी अस्यूत प्रांताचा अधिपती मेसेहती याच्या थडग्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या ठेवल्या होत्या: चाळीस इजिप्शियन भालाईत आणि चाळीस न्युबियन तिरंदाज. सगळे पाऊल पुढे टाकून चाललेले. भालाइतांची कातडी तांबूस तपकिरी, तिरंदाजांची त्याहून काळी. ढालींवर गुरांच्या कातड्याचे ठिपके आहेत आणि ते ढालीगणिक वेगळे आहेत. सैनिकांची उंचीही मुद्दाम कमी-जास्त ठेवली आहे. कैरोच्या संग्रहालयात त्या तुकड्या पाहताना आजच्या छंदी माणसाला ओळखीचे काम दिसल्यासारखे वाटते, कारण एकसारख्या ऐंशी बाहुल्यांमध्ये जीव आणायचा तर काय करावे लागते हे त्या कारागिरांना नेमके ठाऊक होते. युरोपात हा प्रकार पुष्कळ नंतर आला. आधी न्यूरेंबर्गचे चपटे कथिली सैनिक. मग १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने आतून पोकळ शिशाचे सैनिक काढले आणि त्यांचे ५४ मिलिमीटर हे माप रूढ झाले. मुलांच्या खेळण्यापासून प्रौढांच्या छंदापर्यंतची वाट तिथून सुरू होते.

आता राजाकडे. रंगाच्या आधी प्रसंग निवडावा लागतो. बाजारात मिळणारे फॅरो बहुतेक वेळा रथात उभे असतात, धनुष्य ताणलेले, घोडे उधळलेले. याचा आधार अस्सल आहे. तुतनखामूनच्या थडग्यात सापडलेल्या एका रंगीत लाकडी पेटीवर हेच चित्र आहे: एका बाजूला राजा रथातून सीरियन शत्रूंवर बाण सोडतो, दुसऱ्या बाजूला न्युबियनांवर, आणि झाकणावर तो सिंहांची आणि वाळवंटी जनावरांची शिकार करतो. प्राचीन इजिप्तच्या बारीक चित्रकामात या पेटीला तोड नाही. तिच्या आत काय होते? राजाचे जोडे आणि कपडे.

पण हा राजा खरोखर लढला का? तो आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर आला आणि एकोणीसच्या आसपास वारला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याच्या डाव्या पायात व्यंग आणि हाडाचा रोग असल्याचे म्हटले होते. काही तज्ज्ञांना ते मान्य नाही. थडग्यात मात्र सुमारे १३० काठ्या होत्या, हे खरे. आणि सहा रथ होते, हेही खरे. चामड्याच्या खवल्यांचे एक चिलखतही होते. हस्तिदंताने मढवलेल्या एका पेटीच्या झाकणावर तो काठीवर भार टाकून उभा आहे आणि राणी अंखेसेनामून त्याला फुले देते आहे. सोनेरी सिंहासनाच्या पाठीवर तो आरामात रेलून बसला आहे. तेव्हा रथातला तुतनखामून रंगवणारा चूक करतो असे नाही. तो राजाने स्वतःची जी जाहिरात केली ती रंगवतो. काठी टेकलेला तुतनखामून मात्र अधिक अवघड आणि, या लेखकाच्या मते, अधिक पाहण्यासारखा. तोच डोळ्यांपुढे ठेवून पुढचे काम पाहू.

इजिप्तच्या रंगाऱ्याची पेटी छोटी होती आणि तिच्यातले बरेचसे आपल्या ओळखीचे आहे. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, झळाळत्या पिवळ्यासाठी हरताळ. आपल्याकडे पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला लावत तीच. काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी जिप्सम किंवा चुनखडी, हिरव्यासाठी मॅलकाइट किंवा तांब्यापासून केलेली हिरवी भुकटी. बांधायला बाभळीच्या जातीचा डिंक नाहीतर सरस. आणि निळा. निळा त्यांनी स्वतः तयार केला: वाळू, चुना, तांबे आणि थोडा क्षार एकत्र करून ८५० ते १००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान भट्टीत तापवायचे, मग गोळा कुटून पूड करायची. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेल्या सर्वांत जुन्या रंगांत हा मोडतो. त्याला आज ‘इजिप्शियन ब्लू’ म्हणतात. त्याचा एक गुण त्याच्या कर्त्यांनाही ठाऊक नव्हता: त्यावर तांबडा प्रकाश टाकला की तो अवरक्त प्रकाशात चमकतो. त्यामुळे डोळ्याला कोरा दिसणारा दगडही योग्य कॅमेऱ्यासमोर आला की पूर्वी त्यावर निळा कुठे होता ते सांगून जातो.

हे रंग ते सपाट भरत. बाह्यरेषा काढायची, आत एकच रंग, वर थोडी आखणी. छाया-प्रकाश जवळपास नाहीच. आणि आजची लघुमूर्ती तर उभी असते ती छाया-प्रकाशावरच. पन्नास मिलिमीटरच्या मूर्तीवर खोलीतला प्रकाश पडून खरीखुरी सावली उमटत नाही, म्हणून रंगवणाऱ्याला ती हाताने रंगवावी लागते: वरून ऊन पडले आहे असे धरून खांदे, गाल, गुडघे उजळ करायचे, बगल, हनुवटीखालचा भाग, चुण्यांच्या खाचा गडद. थेट थडग्यातल्या भिंतीवरचा रंग उचलून मूर्तीला लावला तर ती प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. भिंतीवरून रंग घ्यायचा, पण प्रकाश नाईलकाठचा द्यायचा, अशी ही तडजोड आहे.

काम सुरू होते ते धुण्याने. साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून लावलेले तेलकट द्रव्य साबणाच्या पाण्याने काढले नाही, तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. साच्याच्या दोन अर्धांची रेघ पात्याने खरवडून घालवायची. मग प्रायमर. पुष्कळजण आधी सगळी मूर्ती काळी करतात आणि वरच्या दिशेने पांढऱ्याचा हलका फवारा मारतात. ऊन कुठे पडणार याचा नकाशाच त्यातून मिळतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा फवारा जपून मारावा लागतो, दमट हवेत त्यावर पांढुरके धुके धरते. एप्रिल-मे मध्ये देशावर उलटी तऱ्हा: ॲक्रिलिक रंग प्लेटवरच वाळतो. त्यावर उपाय म्हणजे झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर चर्मपत्री कागद आणि कागदावर रंग.

त्वचेपाशी पहिला मोठा निर्णय येतो. सोनेरी आणि काळा हे देवत्वाचे रंग बाजूला ठेवले की उरतो तो तांबूस तपकिरी. पण तोही ठरीव रंग. चित्रांत पुरुष तांबडे आणि बायका पिवळसर दाखवत, तेवढ्यावरून घराघरांत नवरा-बायकोचे वर्ण असे वेगळे होते असे कोणी म्हणणार नाही. कवटीवरून वर्ण कळत नाही. २००५ मध्ये इजिप्त, फ्रान्स आणि अमेरिका इथल्या तीन चमूंनी सीटी स्कॅनच्या आधारे तुतनखामूनचा चेहरा घडवला. चेहऱ्याच्या ठेवणीवर तिघांचे बऱ्यापैकी एकमत झाले; मात्र फ्रेंच चमूने पुतळ्याला दिलेल्या उजळ रंगावरून अमेरिकेत निदर्शने झाली. हा वाद आजही शमलेला नाही. लघुमूर्तीच्या पेट्यांवरची जुनी चित्रे पाहिली तर हॉलिवुडचा प्रभाव स्पष्ट दिसतो: इटलीच्या किनाऱ्यावर ऊन खाऊन आलेला गोरा माणूस. हा तर पुराव्यात कुठेच नाही. नाईलकाठी आज उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना गव्हाळपासून गडद काळ्यापर्यंत सगळे वर्ण भेटतात, पूर्वीही भेटत असणार. कमळातल्या मस्तकाचा तांबूस तपकिरी आधाराला घेऊन तो थोडा मऊ करणे, हा समंजस मार्ग.

प्रत्यक्षात ते असे होते. तळाला गेरूकडे झुकणारा तपकिरी. सावलीत काळा मिसळायचा नाही, त्याने कातडी मळकट दिसते. गडद तपकिरीत जांभळ्याचा किंचित अंश. उजेडात पांढरा मिसळायचा नाही, त्याने ती खडूसारखी होते. पिवळी माती आणि फिकट मांसल रंग. तेलरंग वापरणारे हा मधला बदल वाळण्याआधी कोरड्या कुंचल्याने पुसून एकजीव करतात, कारण तेलरंग कित्येक तास ओला राहतो. ॲक्रिलिकवाले तेच काम पाण्यासारख्या पातळ थरांनी साधतात, एकावर एक दहा-बारा थर. दोन्ही पंथांत भांडण जुने आहे. गडद त्वचेला तेलरंग अधिक मानवतो, असे दोन्हीकडच्या मूर्ती शेजारी ठेवल्यावर वाटते.

मग डोळे. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी जशी सरावल्या हाताकडेच देतात, तसेच इथेही. डोळ्यातला पांढरा भाग शुभ्र नसतो, किंचित करडा-गुलाबी असतो. शुभ्र दिला की राजा दचकल्यासारखा दिसतो. इजिप्तच्या डोळ्याची खूण म्हणजे काजळाची रेघ. शिशाच्या खनिजाची काळी पूड डोळ्याभोवती लावून ती रेघ कानशिलाकडे लांबवत. भुवईही तशीच समांतर ओढलेली. ही रेघ मूर्तीवर दाट काळ्याने ओढली तर नाटकातला मेकअप वाटतो. काळपट तपकिरी घ्यावा, बाहेरच्या टोकाला विरळ होऊ द्यावा.

कापड मात्र अनेकांचा घाम काढते. राजाचे कापड जवसाच्या धाग्याचे, उन्हात पांढरे केलेले, आणि उत्तम प्रतीचे इतके तलम की भिंतीवरच्या चित्रांत त्यातून पायांचा तांबूस रंग दिसतो. हे साधायचे तर आधी मांड्या-पोटऱ्या त्वचेच्या रंगात पूर्ण रंगवायच्या, मग त्यावर पातळ पांढऱ्याचे थर द्यायचे. कापड जिथे अंगाला चिकटले तिथे थर कमी, त्वचा जाणवेल इतके. जिथे चुणी अंगापासून सुटली तिथे जास्त. सावलीसाठी फिकट करडा, त्यात कधी निळसर तर कधी मातकट छटा. नुसता पांढरा अगदी शेवटी, चुण्यांच्या कडेवर. पण सगळे पांढरेच ठेवले तर तेही चूक. तुतनखामूनच्या थडग्यात सुमारे दीडशे लंगोट-कटिवस्त्रे, अंगरखे, हातमोजे, मोजे असा पेहरावाचा ढीगच निघाला, आणि त्यातले बरेच कपडे रंगीत होते: गळ्याशी आणि काठाला लाल-निळी विणकाम-भरतकामाची पट्टी. लाल रंग मंजिष्ठेचा असल्याचे रासायनिक तपासणीत दिसले आहे. तेव्हा काठीवर रेललेल्या राजाला काठाची रंगीत पट्टी द्यायला पुरावा भक्कम आहे, आणि पांढऱ्याच्या विस्तारात ती मूर्तीला सावरूनही धरते.

सोन्याकडे आल्यावर बहुतेकांचा तोल जातो. मुखवटा दहा किलोंहून जड सोन्याचा. त्यावरून राजाच नखशिखांत चकचकीत करून टाकण्याचा मोह होतो. पण मुखवटा घडवणाऱ्यानेच एक धडा घालून ठेवला आहे. त्याचा चेहरा आणि शिरोवेष्टन एकाच छटेचे नाहीत. पृष्ठभागाच्या तपासणीत चेहऱ्यावरचा अतिशय पातळ थर सुमारे १८.४ कॅरटचा, चांदीकडे झुकणारा फिकट, आणि बाकीचा सुमारे २२.५ कॅरटचा निघाला. मानवी चेहरा वस्त्रापासून उठून दिसावा म्हणून सोनाराने दोन सोनी वापरली. याच थडग्यात तिसरे सोनेही आहे: काही टिकल्या आणि दागिने गुलाबी-जांभळ्या झाकीचे आहेत. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९३०च्या दशकात प्रयोग करून दाखवले की सोन्यात लोखंडाचा अल्प अंश घालून ते तापवले की अशी झाक येते. इजिप्तच्या सोन्यात मुळातच चांदीचे प्रमाण कमी-जास्त असे, त्यामुळे एकाच राजाच्या अंगावर चार तऱ्हांचे पिवळे दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

रंगवणाऱ्यांत इथे दोन पक्ष पडतात. एक पक्ष धातूची पूड असलेला रंग लावतो. दुसरा पक्ष धातूचा कणही न वापरता तपकिरी, पिवळी माती, लिंबू-पिवळा आणि पांढरा यांनीच चकाकी ‘रंगवतो’; फोटोत ती थक्क करते, पण मूर्ती हातात फिरवली की चकाकी जागची हलत नाही आणि फसवणूक उघडी पडते. इजिप्तच्या राजाला पहिला मार्ग बरा, मात्र एका अटीवर: धातूच्या रंगाखाली तपकिरीचा थर आणि सावल्यांत वरून चमकहीन तपकिरीचा हात. उजेड पडेल तिथेच सोन्यात थोडी चांदी. अशाने बोटभर राजाच्या पदकावरचे सोने पदकाएवढेच चमकते.

निळे तीन आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. लॅपिस लाझुली, म्हणजे लाजवर्द, हा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा गडद निळा दगड. मुखवट्याच्या डोळ्यांभोवती आणि भुवयांत तो जडवला आहे. शिरोवेष्टनावरचे निळे पट्टे मात्र दगडाचे नाहीत, लाजवर्दची नक्कल करणाऱ्या काचेचे आहेत. दुसरा निळा पिरोजाचा आणि फेयॉन्स नावाच्या चकाकी चढवलेल्या मण्यांचा, हिरवट आकाशी. तिसरा इजिप्शियन ब्लू, किंचित करडा आणि रवाळ. राजा निळ्या मुकुटात असेल तर तो तिसरा. या मुकुटाला युद्धमुकुट म्हणायची सवय आहे, पण समारंभांतही राजे तो घालताना दिसतात. तो कशाचा होता हे चित्रांवरूनच ताडावे लागते, कारण कोणत्याही फॅरोचा एकही मुकुट आजवर सापडलेला नाही, तुतनखामूनच्या थडग्यातही नाही. गोल टिकल्यांनी मढवलेले कातडे किंवा कापड, असा तर्क. मूर्तीवर तो काचेसारखा चकचकीत न करता मंद ठेवावा. इथे बर्लिनमधले राणी नेफरतीतीचे मस्तक कामाला येते. लुडविग बोरखार्ट यांना ते १९१२ मध्ये अमार्ना इथे थुतमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेत सापडले. तिचा उंच मुकुट निळ्या रंगाचा, त्याभोवती रंगीत पट्टी. चुनखडीवर गिलावा आणि गिलाव्यावर रंग, म्हणजे तेही रंगवलेली मूर्तीच. तुतनखामूनच्या एक पिढी आधीचे हे काम त्याच दरबारी परंपरेचे आहे.

शस्त्रांचा रंग सहज चुकतो. कोयत्यासारखी वाकडी तलवार, खोपेश, चंदेरी रंगवलेली सर्रास दिसते. ती काशाची असे, म्हणजे ताजी असताना सोनेरी-तपकिरी. लोखंडी पाते फक्त एका ठिकाणी शोभेल: राजाच्या कंबरेच्या खंजिरावर. ममीच्या अंगावर सापडलेल्या या खंजिराच्या पात्यात निकेल सुमारे ११ टक्के आहे, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीने ते लोखंड उल्केचे असल्याचे सांगितले. तीन हजार तीनशे वर्षांत त्यावर जेमतेम डाग पडलेत. त्या काळात असे लोखंड सोन्याहून दुर्मिळ, म्हणून मूठ सोन्याची आणि पाते आभाळातले. मूर्तीवर ते पाते मिलिमीटरभरही रुंद भरत नाही. थंड, निळसर पोलादी रंगाची एक रेघ पुरते.

रथच रंगवायचा असेल तर लाकूड आणि सोन्यावर थांबू नये. कैरोच्या संग्रहालयात ‘टानो रथ’ या नावाने ओळखला जाणारा चामड्याचा साज अनेक दशके बाजूला पडून होता. २००८ नंतर सलीमा इक्रम आणि आंद्रे फेल्डमायर यांच्या प्रकल्पात त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. त्यातले चामडे लाल आणि हिरवे आहे. तपकिरी चामड्याचा साज हा आपल्या काळाचा समज.

तळाचा चौथरा हा शेवटचा भाग, आणि तिथे आळस केलेला लगेच कळतो. पिवळी वाळू, एक मोडका खांब आणि मागे करपट तपकिरी पिरॅमिड, हा ठराविक देखावा. तुतनखामूनच्या वेळी गिझाचे पिरॅमिड बाराशे वर्षांचे जुने झाले होते, पण त्यांच्यावरचे पांढऱ्या चुनखडीचे गुळगुळीत आवरण शाबूत होते. ते मध्ययुगात कैरोच्या बांधकामांसाठी काढून नेले गेले. खांब मोडलेले नव्हते आणि कोरे तर मुळीच नव्हते. एस्नाच्या मंदिरात २०१८ पासून इजिप्शियन-जर्मन चमूने शतकांची काजळी साफ केली आणि खालून लाल, निळे, पिवळे रंग वर आले. ते मंदिर बरेच नंतरचे, पण रंगीत भिंतींची परंपरा जुनीच. राजवाड्यातल्या माणसाला राजवाड्याची जमीन द्यावी. अमार्नाच्या मोठ्या राजवाड्यात फ्लिंडर्स पेट्री यांना रंगीत जमीन सापडली होती: तळे, मासे, पाणवनस्पती, उडणारी बदके, आणि राजाच्या वाटेवर बांधलेले परदेशी कैदी, म्हणजे चालताना शत्रू आपोआप पायाखाली. तुतनखामूनच्या एका लाकडी पादत्राणाच्या तळव्यावरही असेच बांधलेले शत्रू आहेत, राजाचे पाऊल नेमके त्यांच्यावर पडेल असे. मूर्तीवर हे पादत्राणाचे चित्र पावलाखाली झाकले जाणार. तरी ते आधी रंगवून मग पाय चिकटवणारे लोक या छंदात आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

हा सगळा पुरावा घरबसल्या पाहता येतो. थडगे शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांनी, ४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्याची पहिली पायरी सापडल्यापासून पुढची दहा वर्षे एकेका वस्तूचे पत्रक लिहिले. रंग, माप, जागा, कधी शेजारी पेन्सिलचे रेखाटन. हॅरी बर्टन यांनी तेव्हा काढलेली छायाचित्रे कृष्णधवल आहेत, त्यामुळे रंगाची उणीव कार्टर यांची पत्रके भरून काढतात. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने ती सगळी इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. नीना डेव्हिस यांनी त्या रंगीत पेटीवरच्या चित्रांच्या केलेल्या प्रतीही याच संस्थेने १९६२ मध्ये छापल्या. आणि खुद्द वस्तू, पाच हजारांहून अधिक, आता पहिल्यांदाच एका छताखाली आल्या आहेत: गिझाचे नवे ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडले.

ज्याला हात घालून पाहायचा आहे त्याने पहिल्या खेपेला रथ, घोडे आणि सोन्याचा डोलारा घेऊ नये. एकदशांश मापाचा एखादा अर्धपुतळा घ्यावा, त्यात डोळा तीन मिलिमीटरचा असतो आणि चूक झाली तर पुसायला जागा असते. तीन कुंचले, सात-आठ रंग, ओला डबा आणि चांगला दिवा एवढ्यावर भागते. आधी त्वचा, मग कापड, आणि सोन्याची बाटली सगळ्यात शेवटी उघडावी.